प्रश्न सोडविण्याची आणि प्रश्न सोडण्याची परीक्षा

नोव्हेंबर महिन्याचा शेवटचा रविवार हा गेल्या कांहीं वर्षांत अनेक सुशिक्षित कुटुंबांत काळजीचा दिवस होऊन बसला आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे ज्यांना सर्वत्र आय्. आय्. एम्. ह्या अक्षरांनीं ओळखतात त्या संस्था, आपली सामायिक प्रवेशपरीक्षा बहुधा ह्याच दिवशीं घेतात. तिचें रूढ नांव कॅट. २०२४ सालीं ह्या परीक्षेस सुमारें २ लाख ९३ हजार उमेदवार बसले. परीक्षा दोन तासांची आणि प्रश्न अवघे ६८. उमेदवार घरीं परतला म्हणजे वडील माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पेपर पुरा झाला ना?" आणि "नाहीं, निम्म्याच्या आसपास प्रश्न सोडून दिले," असें उत्तर आलें कीं घरांतील बोलणें एकदम थांबतें. आई पानें मांडावयास उठते, वडील वर्तमानपत्र उलगडतात, आणि वर्षभराचे श्रम व शिकवणीवर्गाची फी पाण्यांत गेली अशी सर्वांची मनोमन समजूत होते. ही समजूत बहुतेक वेळां निराधार असते. निम्मे प्रश्न सोडून आलेला उमेदवार उत्तम परीक्षा देऊन आलेला असूं शकतो, आणि सगळे प्रश्न सोडवून आलेल्याबद्दलच खरी काळजी करण्याचें कारण असूं शकतें.

हें विधान चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडील परीक्षांचा संस्कार निराळा आहे. शाळेच्या परीक्षेंत प्रश्नपत्रिका पुरी करणें हें विद्यार्थ्याचें पहिलें कर्तव्य. येत नसलें तरी कांहीं तरी लिहावें, निदान रीत लिहावी, अर्धा गुण तरी पदरांत पडतो, असें पिढ्यान् पिढ्या शिकविलें गेलें. आणि त्या परीक्षांपुरतें तें योग्यही होतें. शाळेंतील परीक्षेस एक ठरीव माप असतें. पस्तीस गुण पडले कीं उत्तीर्ण. मग इतरांना किती पडले ह्याच्याशीं कर्तव्य नाहीं. कॅटमध्यें उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हा भेदच नाहीं. तेथें फक्त क्रम लावला जातो. जागा थोड्या, इच्छुक फार. तेव्हां रांगेंत कोण कोठें उभा आहे एवढेंच त्या परीक्षेला ठरवावयाचें असतें. रांग लावण्याच्या परीक्षेंत वागण्याची रीत वेगळी, हें ध्यानांत आलें म्हणजे पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

ह्या संस्थांचा आरंभ १९६१ सालीं कलकत्ता व अहमदाबाद येथें झाला. पुढें त्यांची संख्या वाढत गेली आणि आज ती विसांच्या वर आहे. महाराष्ट्रांत नागपूरची संस्था २०१५ सालीं सुरू झाली. आणि पवई येथें १९६३ पासून चालत आलेल्या औद्योगिक अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संस्थेस २०२३ सालीं आय्. आय्. एम्. मुंबई हें नांव व दर्जा मिळाला. ह्यांखेरीज इतर पुष्कळ व्यवस्थापन-विद्यालयें कॅटचेच गुण प्रवेशाकरितां मानतात. परीक्षेस बसावयास पदवी पुरते. साधारण उमेदवारास पदवीच्या परीक्षेंत शेंकडा ५० गुण लागतात, अनुसूचित जाति-जमातींच्या व अपंग उमेदवारांस शेंकडा ४५. पदवीच्या शेवटच्या वर्षांतील विद्यार्थीही बसूं शकतो. २००८ पर्यंत ही परीक्षा कागदावर होई. २००३ च्या नोव्हेंबरांत झालेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आधींच फुटल्याचें उघडकीस आल्यामुळें ती रद्द करून फेब्रुवारी २००४ मध्यें पुन्हां घ्यावी लागली होती. २००९ पासून परीक्षा संगणकावर आली.

परीक्षेचें स्वरूपही स्थिर राहिलेलें नाहीं. २०१५ सालीं तीन तासांत १०० प्रश्न असत. २०२० सालीं साथीच्या रोगामुळें एका दिवसांत तीन सत्रें घेणें भाग पडलें, म्हणून वेळ दोन तासांवर आला आणि प्रश्न ७६ झाले. साथ ओसरली, पण दोन तासांची मर्यादा तशीच राहिली. २०२१ ते २०२३ ह्या वर्षीं ६६ प्रश्न होते. २०२४ व २०२५ मध्यें ६८. तेव्हां दहा वर्षांपूर्वीं परीक्षा दिलेल्या थोरल्या भावंडाचा सल्ला घेतांना एवढें तारतम्य ठेवावें कीं, त्याची परीक्षा नांवानें तीच असली तरी चालीनें वेगळी होती.

दोन तासांचे तीन सारखे भाग असतात, प्रत्येकीं चाळीस मिनिटांचे. पहिला भाग इंग्रजी वाचन व शब्दक्षमता, २४ प्रश्न. दुसरा माहितीचा उलगडा व तर्क, २२ प्रश्न. तिसरा गणित, २२ प्रश्न. हा क्रम बदलतां येत नाहीं. एका भागाचीं चाळीस मिनिटें संपलीं कीं तो भाग मिटतो; मग पुढच्या भागांत वेळ उरला तरी मागें फिरतां येत नाहीं, आणि गणितांत प्रवीण असलेल्यास गणितांतील बचत इंग्रजीकडे वळवितां येत नाहीं. अपंग उमेदवारांस प्रत्येक भागांत १३ मिनिटें २० सेकंद जास्त मिळतात. प्रत्येक प्रश्नास ३ गुण. चार पर्यायांतून उत्तर निवडावयाचें असेल तेथें चुकीबद्दल १ गुण कापला जातो. कांहीं प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टंकित करावयाचें असतें. त्यांत चुकलें तरी गुण कापत नाहींत.

ही गुणकपात पुष्कळांना भेडसावते, आणि पुष्कळजण तिच्याविषयीं नुसते भय बाळगतात, हिशेब करीत नाहींत. हिशेब सोपा आहे. चार पर्यायांपैकीं एक डोळे मिटून निवडला तर चार वेळांत सरासरीनें एकदां उत्तर बरोबर येईल व ३ गुण मिळतील. तीन वेळां चूक होऊन ३ गुण जातील. जमाखर्च शून्य. म्हणजे निव्वळ अंदाजानें सरासरीनें नफाही नाहीं, तोटाही नाहीं. मात्र एकट्या उमेदवाराच्या नशिबीं सरासरी येईलच असें नाहीं, आणि अशा जुगारांत वेळ जातो तो वेगळाच. पण एक पर्याय निश्चितपणें चूक आहे असें कळलें तर चित्र पालटतें. उरलेल्या तिनांतून निवडतांना प्रत्येक प्रश्नामागें सरासरी एक-तृतीयांश गुणाचा लाभ होतो. दोन पर्याय गळले तर सरासरी लाभ पुरा एक गुण. तेव्हां "खात्री असल्याखेरीज हात लावूं नये" हा कित्येक ठिकाणीं दिला जाणारा उपदेश अर्धाच बरोबर आहे. दोन पर्याय सकारण बाद करतां आले तर उत्तर द्यावें. कारण सांगतां येत नसेल तर पुढें जावें. पर्याय नसलेल्या प्रश्नांना मात्र हातीं आलेलें उत्तर लिहून ठेवण्यांत कांहींच जात नाहीं.

आतां दोन उमेदवार कल्पनेनें समोर आणावे. गणिताच्या २२ प्रश्नांपैकीं पहिल्यानें २० सोडविले. १० बरोबर, १० चूक. दुसऱ्यानें ११ च सोडविले. ९ बरोबर, २ चूक. चुकलेले सर्व प्रश्न पर्यायांचे होते असें धरलें तर पहिल्यास ३० वजा १०, म्हणजे २० गुण. दुसऱ्यास २७ वजा २, म्हणजे २५. पहिल्याचें बरोबर उत्तर एक जास्त आहे, त्यानें श्रमही दुप्पट केले. आणि तरी तो मागें पडला. घरीं आल्यावर "जवळजवळ सगळा पेपर सोडविला" असें अभिमानानें सांगणारा पहिलाच असेल.

ह्या पांच गुणांचें महत्त्व किती, हें समजावयास पर्सेंटाइल म्हणजे काय तें नीट पाहिलें पाहिजे. सुशिक्षित घरांतही पर्सेंटाइल व टक्के ह्यांची सर्रास गल्लत होते. एखाद्या मुलीस ९० पर्सेंटाइल मिळाले म्हणजे तिला शंभरापैकीं नव्वद गुण पडले असें समजून पेढे वाटले जातात, आणि मग एकाही मोठ्या संस्थेचें मुलाखतीचें बोलावणें आलें नाहीं कीं अन्यायाची भावना होते. पर्सेंटाइल हा गुणांचा अंक नव्हे, रांगेंतील जागेचा अंक आहे. परीक्षेस बसलेल्यांच्या एकूण संख्येंतून उमेदवाराचा क्रमांक वजा करावा, बाकीस एकूण संख्येनें भागावें आणि शंभरानें गुणावें. २ लाख ९३ हजारांत ज्याचा क्रमांक २,९३० वा, त्याचे पर्सेंटाइल ९९. ज्याचे ९० तो २९,३०० वा. ९९ आणि ९८ ह्यांत दिसावयास एकाचाच फरक. पण त्या फटींत २,९३० माणसें उभीं आहेत. हा अंक दोन दशांश स्थळांपर्यंत काढतात, म्हणून ९९.९९५ वा त्यांहून अधिक आलें कीं तें १०० असें छापलें जातें. २०२४ सालीं असे चौदा उमेदवार होते. त्यांचें एकही उत्तर चुकलें नाहीं असा ह्याचा अर्थ नव्हे. रांगेच्या अगदीं तोंडाशीं ते उभे होते, एवढाच.

गुण आणि पर्सेंटाइल ह्यांचें नातें समान नसतें. मधल्या भागांत उमेदवारांची दाटी असते. तेथें दोन-तीन प्रश्न जास्त बरोबर आले तरी माणूस हजारोंना ओलांडून पुढें जातो. शेंड्याकडे माणसें विरळ होतात. तेथें अर्ध्या पर्सेंटाइलसाठींही पुष्कळ गुण लागतात. २०२२ व २०२३ मध्यें प्रश्नपत्रिका १९८ गुणांची होती, आणि त्या दोन्ही वर्षीं सुमारें ७५ गुण मिळविणारा ९९ पर्सेंटाइलच्या आसपास पोहोंचला. म्हणजे शेंकडा चाळीसहून कमी गुण, आणि शंभरांतील नव्याण्णवांच्या पुढें जागा! पंचवीस प्रश्न बरोबर आणि चूक जवळजवळ नाहीं, एवढ्या भांडवलावर तो तेथवर गेला. प्रश्नपत्रिका सोपी निघाली तर हाच आंकडा वर चढतो. म्हणून "किती गुण हवेत?" ह्या प्रश्नास परीक्षेपूर्वीं उत्तर नाहीं. पेपर अवघड निघाला म्हणून रडण्यांतही अर्थ नाहीं, कारण तो रांगेंतील सर्वांनाच अवघड गेलेला असतो. अवघड पेपर पाहून जो गांगरत नाहीं त्याला उलट त्याचा फायदाच होतो.

तीन सत्रांच्या प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात. सकाळची सोपी व दुपारची कठीण निघाली तर दुपारच्यांवर अन्याय होऊं नये म्हणून तिन्ही सत्रांचे गुण संख्याशास्त्राच्या रीतीनें एका मापांत आणले जातात, आणि मगच क्रम लागतो. उत्तरसूची प्रसिद्ध झाल्यावर घरीं मोजलेले गुण आणि निकालपत्रावरील गुण ह्यांत जो फरक दिसतो तो ह्यामुळें.

आतां तिन्ही भागांकडे वळावें. इंग्रजीच्या २४ प्रश्नांपैकीं १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात, प्रत्येकावर चार. उतारे चारपांचशे शब्दांचे. विषय तत्त्वज्ञान, पर्यावरण, इतिहास, अर्थशास्त्र, कला, मानववंशशास्त्र असे कोठलेही. भाषा कठीण असते, पण खरी मेख शब्दांत नसून पर्यायांत असते. समजा, उताऱ्यांत म्हटलें आहे कीं रेल्वे आल्यानंतर नदीकांठच्या कांहीं बाजारपेठा मागें पडल्या. पर्यायांत एक वाक्य येईल : रेल्वेमुळें नदीकांठचा व्यापार नष्ट झाला. दुसरें येईल : रेल्वेमुळें प्रवास स्वस्त झाला. पहिल्यांत "कांहीं" ह्या शब्दाची मर्यादा उडवून विधान फुगविलेलें आहे. दुसरें जगांत खरें असेल, पण उताऱ्यांत तें नाहीं. बहुश्रुत विद्यार्थी नेमका दुसऱ्यास फसतो, कारण तो उताऱ्याऐवजीं स्वतःच्या ज्ञानास उत्तर विचारतो. लेखक काय म्हणतो एवढेंच पाहावयाचें, आपणांस काय वाटतें तें बाजूस ठेवावयाचें, ही शिस्त ह्या भागांत तपासली जाते.

उरलेल्या आठ प्रश्नांत विस्कटलेलीं वाक्यें क्रमानें लावणें, विसंगत वाक्य ओळखणें, परिच्छेदाचा सारांश निवडणें, गाळलेल्या वाक्याची जागा शोधणें असे प्रकार येतात. क्रम लावण्याचे प्रश्न बहुधा पर्यायांविना असतात. त्यांत नेम चुकण्याचा संभव फार, पण गुणकपात नाहीं. एका उताऱ्यास आठ मिनिटें धरलीं तर चार उताऱ्यांना बत्तीस लागतात आणि ह्या आठ प्रश्नांना आठच मिनिटें उरतात. ज्याचा वाचनाचा वेग बेताचा आहे त्यानें चारांपैकीं सर्वांत रुक्ष उतारा सोडून तीनच नीट वाचावे, हें अधिक शहाणपणाचें.

मराठी माध्यमांतून शिकलेल्यांना ह्या भागाची धास्ती वाटते. ती अकारण नाहीं; परंतु तिच्यावर शब्दांच्या याद्या पाठ करणें हा उपाय नव्हे. शब्दार्थ विचारणारे सुटे प्रश्न हल्लीं ह्या परीक्षेंत येत नाहींत. युक्तिवाद कोठें सुरू झाला, कोठें वळला, लेखकानें प्रतिपक्षाचें म्हणणें कोठें मांडलें आणि स्वतःचें कोठें, हें ओळखण्याची संवय लागते, आणि ती संवय चांगला मराठी निबंध वा अग्रलेख बारकाईनें वाचूनही लागूं शकते. ज्या घरांत जेवतांना अग्रलेखावर वाद होतो त्या घरांतील मुलाची निम्मी तयारी नकळत झालेली असते. इंग्रजी वाचनाचा वेग मात्र इंग्रजी वाचूनच वाढतो. त्याला वर्ष-सहा महिने रोज अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. तो शेवटच्या महिन्यांत विकत मिळत नाहीं.

दुसरा भाग सर्वांत निसरडा. येथें सुटे प्रश्न नसतात, संच असतात. २०२४ सालीं पांच संच होते, कांहींवर चार व कांहींवर पांच प्रश्न. प्रत्येक संचांत एखादी परिस्थिति दिलेली असते : कोष्टक, आलेख, बैठकव्यवस्था, सामन्यांचें वेळापत्रक, कारखान्यांतील कामाची वांटणी. संच उलगडला तर त्यावरील चारपांच प्रश्न एकदम सुटतात. न उलगडला तर पंधरा मिनिटें जाऊन हातीं एकही गुण येत नाहीं. वास्तविक गणित म्हणून ह्यांत बेरीज-वजाबाकीपलीकडे फारसें कांहीं नसतें. ह्या भागास पाठ्यपुस्तक नाहीं, सूत्रें नाहींत. म्हणून पाठांतरावर वाढलेला हुशार विद्यार्थी येथें हमखास अडखळतो.

संच कसा उघडतो त्याचा एक लहानसा नमुना पाहण्यासारखा आहे. सहा हॉकी-संघ आहेत. प्रत्येकाचा इतर प्रत्येकाशीं एकेक सामना झाला. विजयास ३ गुण, बरोबरीस दोघांनाही १ गुण, पराभवास शून्य. सर्व संघांच्या गुणांची बेरीज ४१ आहे. कांहीं संघांचे गुण दिले आहेत, कांहींचे काढावयाचे आहेत. घाईचा विद्यार्थी ताबडतोब सहा ओळींचें व सहा स्तंभांचें कोष्टक आंखून भरूं लागतो, आणि दहा मिनिटांनीं खाडाखोडींत बुडून जातो. शांत विद्यार्थी क्षणभर थांबतो. सामने एकूण पंधरा. निकाली सामन्यांत ३ गुण वांटले जातात, बरोबरींत दोनच. एकही बरोबरी झाली नसती तर बेरीज ४५ आली असती. ती ४१ आहे, म्हणजे बरोबरी नेमक्या चार. कोष्टकाचें एकही घर न भरतां संचाची किल्ली हातीं आली. पुढें एखाद्या संघाचे १३ गुण दिले असतील तर पांच सामन्यांत तेरा गुण होण्याची एकच रीत आहे : चार विजय आणि एक बरोबरी. १४ गुण तर कोणास मिळूंच शकत नाहींत. पांचही जिंकले तर १५, एकांत बरोबरी झाली तर १३. अशीं दोनतीन पक्कीं पावलें पडलीं कीं उरलेलें कोष्टक आपोआप भरत जातें.

म्हणून ह्या भागांत पहिलीं पांच मिनिटें कांहींच न सोडवितां सर्व संच वाचण्यांत घालवावीं. चाळीसांपैकीं पांच मिनिटें नुसतीं पाहण्यांत देणें जिवावर येतें. पण कोठल्या संचांत अशी किल्ली दिसते आणि कोठल्या संचांत नुसत्या अटींचें जंगल आहे, हें त्याखेरीज कळत नाहीं. दोन संच पुरे सुटले तर आठ ते दहा प्रश्न, म्हणजे २४ ते ३० गुण. पुष्कळ वर्षीं एवढेंही चांगल्या जागेस पुरलें आहे. तीन सुटले तर उत्तमच. संच निवडल्यावर दहाबारा मिनिटांत पाया सांपडला नाहीं तर तो सोडून देतां आला पाहिजे. हें सर्वांत कठीण. एवढा वेळ घातला, आतां सोडला तर तो फुकट जाईल, हा विचार त्या वेळीं बुद्धि बांधून टाकतो. गेलेला वेळ कांहीं झालें तरी गेलेलाच असतो. प्रश्न फक्त उरलेल्या वेळाचा आहे. बुडत्या धंद्यांत आणखी पैसे ओतणारा व्यापारी हीच चूक करतो. व्यवस्थापन शिकूं इच्छिणाऱ्यांच्या परीक्षेंत हा मोह मुद्दाम ठेवलेला असावा असें मानावयास हरकत नाहीं.

गणिताबद्दल थोडक्यांत सांगतां येईल. बहुतेक विषय शालेय आहेत : शेंकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, गुणोत्तर, समीकरणें, भूमिति, संख्यांचे गुणधर्म, आणि त्यांवर थोडे लॉगॅरिदम, श्रेढी व फलनें. पडद्यावर गणकयंत्र असतें, त्यामुळें आंकडेमोडीचें भय नाहीं. प्रश्न कसे असतात? दोन धन पूर्णांकांच्या गुणाकारांत त्या दोघांची बेरीज मिळविली तर ३४ होतात, तर त्यांची बेरीज किती? ज्यास युक्ति सुचली तो दोन्ही बाजूंस १ मिळवितो. मग डावी बाजू (पहिली संख्या + १) गुणिलें (दुसरी संख्या + १) होते, उजवीकडे ३५ येतात. ३५ म्हणजे ५ गुणिलें ७, संख्या ४ व ६, बेरीज १०. ज्यास युक्ति सुचली नाहीं त्यानें पहिली संख्या १, २, ३, ४ अशी घालून पाहिली तरी चौथ्या प्रयत्नांत उत्तर येतें. शाळेंत दुसऱ्या रीतीस गुण मिळाले नसते. येथें रीत कोणी पाहत नाहीं. प्रत्येक प्रश्नास सरासरी १०९ सेकंद येतात, पण कोणताही प्रश्न सरासरीचा नसतो : कांहीं चाळीस सेकंदांत सुटतात, कांहींना सहा मिनिटें लागतात, आणि गुण दोघांना तीनच. सोपे प्रश्न शेवटीं दडलेले असूं शकतात. जो पहिल्यापासून ओळीनें सोडवीत जातो तो अठराव्या प्रश्नापर्यंत पोहोंचतच नाहीं, आणि तेथें ठेवलेले सोपे गुण तसेच राहतात. म्हणून दोन फेऱ्या कराव्या : पहिलींत दिसतांच सुटणारे, दुसरींत विचार लागणारे. तिसऱ्या फेरीची वेळ सहसा येत नाहीं.

एक गोष्ट मात्र हिशेबांतून निसटतां कामा नये. संस्था केवळ एकूण पर्सेंटाइल पाहत नाहींत. तिन्ही भागांसाठीं प्रत्येकीं किमान मर्यादा ठेवतात. प्रत्येक संस्थेची मर्यादा निराळी व दरवर्षीं जाहीर होणारी, पण तत्त्व एकच. गणितांत ९९ आणि इंग्रजींत ५० असा उमेदवार एकूण बेरजेनें पुढें असूनही दाराशींच अडतो. म्हणून आवडीच्या विषयाचा सराव वाढवीत राहणें ही आपलीच फसवणूक आहे. अभियांत्रिकीचा पदवीधर रोज गणित सोडवून स्वतःचें समाधान करून घेतो, कारण तेथें त्याला यश मिळतें. आणि नावडता विभाग तसाच राहतो.

सरावासाठीं मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उपलब्ध असतात, आणि परीक्षा घेणारी संस्था दरवर्षीं एक सराव-परीक्षा विनामूल्य खुली करते. शिकवणीवर्गांनीं कांहींजणांना शिस्त लागते हें खरें; पण आठवड्यास तीन सराव-परीक्षा देऊन त्यांतील चुकांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यास कोणत्याही वर्गाचा उपयोग होत नाहीं. दोन तासांची परीक्षा दिली तर तिच्या परीक्षणास चार तास द्यावे. एका वहींत प्रत्येक चुकीपुढें लिहावें : हें येत नव्हतें, येत होतें पण घाई झाली, किंवा येत नव्हतें हें कळूनही सोडलें नाहीं. पहिल्या प्रकारास अभ्यास लागतो, दुसऱ्यास सावधपणा. तिसऱ्या प्रकारच्या चुका ज्या वहींत जास्त असतील तिच्या मालकानें नवीं प्रकरणें शिकण्यापेक्षां प्रश्न सोडावयास शिकावें. आईबापांना मदत करावयाची असेल तर गुणांची चौकशी करण्याऐवजीं "आज कोणते प्रश्न सोडून दिलेस आणि कां?" असें विचारावें.

निकालानंतरही मार्ग संपत नाहीं. बोलावणें आलेल्यांची बहुधा लेखी परीक्षा व मुलाखत होते, आणि अंतिम यादींत दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव ह्यांनाही प्रत्येक संस्था आपल्या नियमांप्रमाणें वजन देते. म्हणून एकाच पर्सेंटाइलच्या दोघांपैकीं एकास प्रवेश मिळतो व दुसऱ्यास मिळत नाहीं.

महाराष्ट्रांतील पुष्कळ उमेदवार कॅटनंतर कांहीं महिन्यांनीं राज्याच्या एम्. बी. ए. सामायिक परीक्षेस, म्हणजे सी. ई. टी. ला, बसतात. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणीं ह्याच परीक्षेच्या गुणांवर पुष्कळ जागा भरल्या जातात. अलीकडील वर्षांत तिचें स्वरूप अगदीं उलट राहिलें आहे : १५० मिनिटांत २०० प्रश्न, प्रत्येकास पांच पर्याय, आणि चुकीस गुणकपात नाहीं. तर्काचे ७५, आकृतींचे २५, गणिताचे ५० व इंग्रजीचे ५० प्रश्न. प्रत्येकास सरासरी ४५ सेकंद. प्रश्न सोपे, पण वेग फार. कॅटसाठीं महिनोन् महिने संयम शिकलेला उमेदवार येथें त्याच संयमानें तीस प्रश्न कोरे ठेवून उठतो आणि सरासरीनें सहा गुण हातचे घालवितो. ह्या परीक्षेंत वडील माणसांचा जुना उपदेश अक्षरशः पाळावा : शेवटचीं दोन मिनिटें राखून ठेवावीं, आणि राहिलेल्या प्रत्येक प्रश्नापुढें कोणता तरी एक पर्याय निवडूनच उठावें.